राणीच्या बागेत माझी चूक सापडली

आमच्या बोदवडच्या विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. तिथल्या बावीस मुला-मुलींना गेल्या जानेवारीत मुंबईला नेले. पहिला दिवस चैत्यभूमीसाठी, दुसरा भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी. बरोबर घरच्या दशम्या होत्या.

मुलांना वाघ-हत्तींची ओढ. पण १८६२ साली उघडलेली ही बाग मुळात झाडांची, प्राणी मागाहून आले. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. आफ्रिकेतल्या गोरखचिंचेच्या खोडाला पोरांनी हातात हात धरून विळखा घातला. कडुनिंब-बाभळीत वाढलेली ती मुले. झाड एवढे जाड असते हे त्यांना खरे वाटेना.

पुढे एक झाड आले. खोडालाच फुले फुटलेली, वास गोड, तोफगोळ्यासारखी फळे लोंबलेली. मी उत्साहाने सांगितले, "हाच सालवृक्ष! कुशीनाऱ्याला तथागतांचे महापरिनिर्वाण दोन सालवृक्षांमध्ये झाले." बुद्धपौर्णिमेच्या भाषणातही मी वर्षानुवर्षे असेच सांगत आलो होतो. श्रीलंकेच्या विहारांच्या फोटोंत हेच झाड पाहिले होते.

अकरावी सायन्सची एक मुलगी म्हणाली, "काका, पाटीवर तर कैलासपती लिहिलंय."

"नावं पुष्कळ असतात गं," म्हणून मी वेळ मारून नेली. मन मात्र खात राहिले.

घरी आल्यावर वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारले. कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. श्रीलंकेत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि तिथले लोक त्यालाच साल म्हणू लागले. बुद्धकाळात तो आपल्याकडे असणे शक्यच नाही. खरा साल नेपाळची तराई, बिहार, छत्तीसगडच्या जंगलांतला, बारीक पिवळसर फुलांचा. शाळांच्या कुंपणाला उभा असलेला उंच सरळ अशोकही खरा अशोक नव्हे, असे त्यांनी जाता जाता सांगितले. खऱ्या अशोकाला केशरी-तांबड्या फुलांचे घोस येतात. म्हणजे तिथेही आपण फसलेलोच!

पुढच्या रविवारी वर्गासमोर उभे राहून सांगितले, चूक माझी, बरोबर ती. कुणी हसले नाही. कोणाचे ऐकले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हे कालामांना सांगितलेले वचन मीच त्यांना शिकवले होते.

ती मुलगी म्हणाली, "मग खरा साल कुठं बघायचा, काका?"

आमच्या स्टेशनावरून जाणारी हावड्याची लाईन छत्तीसगडातूनच जाते. साल मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. परीक्षा उरकल्या की निघायचे, असे ठरले आहे. भाड्याची वर्गणी सुरू केली आहे.