साखर वजा केल्यावर उरलेली चव : कोरड्या शॅम्पेनचा इतिहास

१/ 'अभिजात' म्हणून मिरवणाऱ्या कित्येक चवी मुळात बंडखोर होत्या. कोरडी, म्हणजे जवळजवळ साखरविरहित, 'ब्रूट' शॅम्पेन त्यांपैकीच एक. १९व्या शतकात रशियातील उमरावांना लिटरमागे २०० ग्रॅमहून अधिक साखर असलेली शॅम्पेन प्रिय होती. आज ब्रूटमध्ये ही साखर १२ ग्रॅमांहून कमी असावी लागते. मधले अंतर केवळ रुचीचे नाही. त्यात एका विधवेने पत्करलेली जोखीमही आहे.

२/ शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येचा थंड प्रदेश. जमीन खडूसारख्या पांढऱ्या चुनखडीची. येथे द्राक्षे पिकतात ती जेमतेम, म्हणून रसात आम्लता टिकून राहते. तयार वाइनमध्ये थोडी साखर व यीस्ट घालून बाटली बंद केली की ती आत पुन्हा आंबते. बाहेर पडू न शकलेला कर्बवायू वाइनमध्येच विरघळतो. हा दाब सुमारे ६ वातावरणे, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या अडीच-तीन पट असतो.

३/ मागे उरतो मृत यीस्टचा गाळ. बाटल्या उलट्या कलवून, थोड्या थोड्या फिरवून तो तोंडाशी आणण्याची पद्धत १८१६च्या सुमारास क्लिको यांच्या तळघरात आकाराला आली. गाळ काढल्यावर रिकामी जागा वाइन आणि साखरेच्या मिश्रणाने भरतात. यास 'दोझाज' म्हणतात. कच्ची द्राक्षे, अपुरी मुरवण, उग्र आंबटपणा असे सारे दोष या शेवटच्या साखरेखाली झाकता येत.

४/ १८५८मध्ये पतीच्या निधनानंतर लुईझ पोमेरी यांनी रॅंस येथील व्यवसाय हाती घेतला आणि लोकरीचा व्यापार सोडून फेसाळ वाइनवर सारी भिस्त ठेवली. त्यांची नजर इंग्लंडवर होती. तेथे जेवणानंतर पिण्यास पोर्टसारख्या गोड वाइन आधीच होत्या. उणीव होती ती जेवणासोबत शोभेल अशा वाइनची.

५/ परंतु साखर काढणे म्हणजे बुरखा काढणे. त्यासाठी द्राक्षे अधिक पिकू द्यावी लागतात, आणि तोडणी लांबली की पाऊस व थंडी यांचे भय वाढते. वाइन अधिक वर्षे मुरवावी लागते, म्हणजे भांडवल तळघरात अडकून पडते. पोमेरी यांनी रॅंसजवळच्या प्राचीन खडूच्या खाणी घेऊन सुमारे १८ किलोमीटरच्या भुयारांनी जोडल्या. हे काम चालू असतानाच १८७०च्या युद्धात प्रशियाच्या सैन्याने शहर व्यापले. तरीही त्या डगमगल्या नाहीत. १८७४च्या उत्तम हंगामातील त्यांच्या ब्रूटने लंडन जिंकले.

६/ ही चव असते कशी? प्रथम लिंबाची साल आणि हिरव्या सफरचंदाचा तीक्ष्णपणा जाणवतो. मागोमाग भाजलेला पाव आणि बदाम यांचा गंध येतो. ही त्या मृत यीस्टच्या दीर्घ सहवासाची देणगी. शेवटी जीभ स्वच्छ, कोरडी होते. गोड पेय तृप्त करून थांबवते. कोरडे पेय तोंडाला पाणी आणून पुढच्या घासाकडे नेते. आपल्या ताटातील लिंबाची फोड हेच काम करते.

७/ बाटलीवरची लेबले तर इतिहासाचे थरच. 'सेक' याचा अर्थ कोरडी, पण तीत लिटरमागे १७ ते ३२ ग्रॅम साखर! 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये १२ ते १७ ग्रॅम, म्हणजे तीही ब्रूटपेक्षा गोडच. हे शब्द रूढ झाले तेव्हा 'कोरडे' या शब्दाचे मापच निराळे होते. शब्द जागेवर राहिले, जीभ पुढे गेली.

८/ या पद्धतीचा एक धागा महाराष्ट्रातही पोहोचतो. १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तांत्रिक साहाय्याने बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन तयार होऊ लागली आणि परदेशीही गेली.

९/ लुईझ पोमेरी १८९०मध्ये निवर्तल्या. त्यांनी नवा पदार्थ शोधला नव्हता. होता त्यातून झाकण्याची सोय तेवढी काढून घेतली. पाऊस, माती, खाण आणि वाट पाहण्याची वर्षे मग थेट जिभेवर आली. कागदपत्रांत न सापडणारा इतिहास कधी कधी असा चवीत सापडतो. मात्र तो वाचण्यापूर्वी त्यात साखर किती आहे, हे विचारून घ्यावे.