बंड्याचे १८० दिवस

मी टोकियोला येऊन दोन महिने झाले आणि आमचा बंड्या अजून कडावलाच आहे, आईकडे. कंपनीने माझं सगळं आठ आठवड्यांत उरकलं. बंड्याचं तसं नाही.

जपानने १९५७ साली रेबीज संपवला आणि तो परत येऊ नये म्हणून भारतातून येणाऱ्या कुत्र्यासाठी क्रम ठरलेला आहे: आधी मायक्रोचिप, मग लस, किमान ३० दिवसांनी दुसरी लस, मग मान्यताप्राप्त लॅबमध्ये रक्ताची अँटिबॉडी तपासणी. बंड्याला दरवर्षी लस दिलीय, आईने कार्डंही जपलीत. पण चिपच्या आधीची एकही धरत नाहीत.

"म्हणजे टोचलेलं वाया गेलं?" आई वैतागली.

वाया नाही, पण टोचला तो हाच कुत्रा कशावरून? कडावात असे पिवळे कुत्रे पन्नास सापडतील. आधी प्रायमरी की, मग रेकॉर्ड. आपल्याला तर पटलं बुवा!

खरी मेख पुढे आहे. रक्त घेतल्या दिवसापासून १८० दिवस थांबायचं, कारण रेबीज अंगात महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. आधी आणलात तर उरलेले दिवस इथल्या क्वारंटाइनमध्ये, खर्च आपला. सगळं चोख असेल तर १२ तासांच्या आत सुटका. शिवाय ४० दिवस आधी जपानला कळवणं, निघण्याआधी तपासणी, सरकारी शिक्के. असो, ते सगळं एक्सेलमध्ये आहे.

एक्सेलमध्ये नसलेलं असं की बंड्या येऊ शकतो, आई नाही. माझ्या व्हिसावर बायको-मुलं चालतात, आईवडील नाहीत. बाबा गेल्यापासून ती दोघंच घरात. आता ती डोंबिवलीला ताईकडे राहायला जाणार आणि तिथे कुत्र्याला जागा नाही. म्हणजे नऊ वर्षं साखळी न बघितलेल्या, बाळ दिगंबराच्या देवळापर्यंत एकटा फिरून येणाऱ्या बंड्याला क्रेटची सवय तीच लावतेय. पडवीत क्रेट ठेवलाय, आत तिची जुनी साडी. दोन्ही वेळची भाकरी आतच.

आज ११३वा दिवस. काल रात्री तिने पहिल्यांदा क्रेटचं दार लावलं.

"ओरडला का गं?"

"नाही रे. नुसता बघत बसला माझ्याकडे. पाच मिनिटांनी मीच उघडलं."