खळ्यावरचा तारपा : डहाणू-तलासरीची दैनंदिनी

मंगळवार, डहाणू रोड

विरारहून लोकल, पुढे जीप. जीपचे ४० रुपये, चहा-वडा ३०, डासांची अगरबत्ती २०, बाजारातून घरच्यांसाठी चिकू ८०. दहा डोकी भरल्याशिवाय जीप हलत नाही, स्टेशनाबाहेर सव्वा तास उन्हात उभी होते. पाठ दुखतेय. दिवाळी होऊन आठवडा झालाय, भात कापून झालंय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता पेंढा. बाकी उद्या लिहीन.

बुधवार, गंजाड

जीप, पाऊण तास. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं गाव. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी इकडे आले, भिंतीवरची वारली चित्रं कागदावर उतरू लागली. मशेंना १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ला पद्मश्री. २०१८ला ते गेले. गावात आता कितीतरी हात कागदावर आणि कापडावर चित्रं काढतात.

मला मात्र एका घरातल्या भिंतीवरच्या जुन्या चौकाने धरून ठेवलं. उन्हाळ्यातल्या लग्नाचा चौक. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्या, बाजूच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. पावसाच्या ओलीने तांदळाच्या पिठाचे पापुद्रे सुटलेत, गेरूखालचं शेण दिसतंय. पुन्हा काढणार का, असं विचारलं तर घरच्या वहिनी म्हणाल्या, "तो त्या लग्नाचा हाय. दुसरं लगीन झालं का दुसरा चौक." चौक काढायचा सवाशिणींनी, गाणी म्हणून लग्न लावायचं धवलेरीने. लग्न लावणारी बाई! आम्ही शहरात ज्या हक्कासाठी अजून वाद घालतो, तो इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय.

विकायच्या चित्रांबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलला. शहरातल्या दुकानात चित्र किती रुपयांना जातं, ते त्यांना ठाऊक आहे. आपल्या हाती काय पडतं, तेही.

गुरुवार

जीप, एक तास. रेंज नाही. खर्च ९०. डास. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. पाठ तशीच. झोपते.

शुक्रवार, तलासरी-झरी

झरीला जायचंच होतं. २३ मे १९४५ला इथे वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं, या लग्नगडीच्या चालीचाही तिथेच शेवट ठरला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचून आलेल्या माणसाला हा रस्ता साधा दिसत नाही.

नाक्यावर एक टेम्पो भरत होता. पातेली, गोधड्या, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, वर बसलेली पोरं. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघालेली चार कुटुंबं. त्यातल्या दादांनी सांगितलं, धाकट्या भावाच्या लग्नाला उचल घेतली होती, ती पावसाळ्यापर्यंत विटा पाडून फेडायची. झरीपासून तासाभराच्या अंतरावर हे ऐकलं आणि जेवण उतरेना.

शनिवार, पाड्यावर

आज नव्या भाताचं जेवण. खळ्यावर भाताची रास, तिच्यापुढे कणसरीची पूजा. कणसरी म्हणजे धान्याची देवी. भगताने घांगळी वाजवत तिची कथा बराच वेळ गायली, मुलं राशीला टेकून ऐकत झोपली. तिला दिल्याशिवाय घरात नवा दाणा शिजत नाही. मग वाफाळता भात, चवळी, उकडलेले करांदे. मला पानावर तिसऱ्यांदा वाढून आजी म्हणाल्या, "खा बाय, नवा हाय."

जेवणानंतर तारपा. वाजवणारे बाबा सत्तरीच्या आसपासचे. सुकवलेला दुधी भोपळा, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सांध्यांना मेण. आधी त्यांनी मेण निखाऱ्याजवळ धरून अंगठ्याने दाबून घेतलं, नळ्या एकेक करून फुंकून पाहिल्या. एकदा सुरू झाल्यावर सूर तुटतच नाही. गालात हवा साठवून बाहेर सोडायची, त्याच वेळी नाकाने श्वास आत घ्यायचा. नाचणाऱ्यांचा वेढा त्यांच्याभोवती फिरतो, कोणी त्यांना पाठ दाखवत नाही. पण आज वेढ्यात जेमतेम अकरा जण, त्यात बहुतेक म्हातारे आणि शाळकरी पोरं. ज्यांनी नाचायचं ते कालच्या टेम्पोत गेले.

तारपा वाजतो तो भात आल्यावर, आणि वीटभट्ट्याही पेटतात त्याच सुमाराला. तारपा मोबाइलमुळे मागे पडला असं शहरात सहज बोललं जातं. मला ते पटत नाही. पाड्यावर माणूस राहिला तर तारपा राहील.

बाबांना शिकायला कोणी येतं का, असं विचारलं. नातवाकडे बोट दाखवून म्हणाले, "याचा दम अजून तोकडा हाय." नातू लगेच गाल फुगवून दाखवायला लागला.

सोमवार, परतीच्या लोकलमध्ये

चित्र ६०० रुपये, काढणाऱ्या वहिनींच्या हातात. जेवणाखाण्याचे पैसे पाड्यावरच्या घरच्यांनी घेतले नाहीत, शेवटी पोरांच्या वह्यांसाठी म्हणून ठेवले.

पाहुण्यांच्या पैशांवरून आठवलं, पेरूत तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर पाहुणे कोणाच्या घरी उतरवायचे ते गावच आळीपाळीने ठरवतं, म्हणजे मिळकत एकाच दारात अडकत नाही. आपल्याकडच्या पाड्यांनाही हे जमण्यासारखं आहे, फक्त ते पाड्यांनी ठरवायला हवं, शहरातल्या दलालाने नव्हे.

यायचं असेल तर दिवाळीच्या आसपास या, माणसं घरी असतात. आपल्यासाठी नाच लावा म्हणू नका, ज्या रात्री असेल त्या रात्री वेढ्यात शिरा. चित्र घ्याल ते काढणारीकडूनच घ्या, आणि भाव करू नका.