पगाराचा उतारा

व्यापारी घरात मालाचा भाव काढण्याचे शिक्षण मुद्दाम कोणी देत नाही. गादीवर बसलेल्या आजोबांच्या शेजारी मूल खेळत असते. मूठभर धान हाती घेऊन, एक दाणा दाताखाली फोडून त्यातली ओल सांगणारा माणूस ते रोज पाहते. दहाव्या वर्षापर्यंत त्याला एवढे उमगलेले असते की भाव मालाला मिळतो, तो आणताना झालेल्या दगदगीला मिळत नाही. तेच मूल पुढे संगणक अभियंता होते, पुण्याला किंवा बंगळुरूला जाते, आणि स्वतःच्या कामाचा भाव सांगण्याची वेळ आली की गोंधळून जाते.

छत्तीसगडच्या सीमेलगतचे सालेकसा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचे लहान स्थानक. एका अंगाला हाजरा धबधबा आणि कचारगडच्या गुहा, बाकी सगळीकडे धानाच्या बांध्या आणि जंगल. तेथील एका जैन कुटुंबाचे धान्य-किराण्याचे दुकान तीन पिढ्यांचे. त्या घरचा धाकटा मुलगा नागपुरात शिकला आणि पुण्यातील एका मोठ्या सेवा-कंपनीत लागला. वार्षिक साडेतीन लाखांवर सुरुवात झाली. मोठ्या सेवा-कंपन्यांत नवख्या अभियंत्याचा आरंभीचा पगार साधारण तीन-चार लाखांच्या घरात गेली दहा-बारा वर्षे जवळजवळ तेथेच थांबलेला आहे, त्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटले नाही. सहा वर्षांनी तो 8 लाख 20 हजारांवर आला होता. त्याच सुमारास बाहेरून आलेला एक सहकारी त्याच्या शेजारी बसू लागला. काम तेच, आणि ते काम या मुलानेच त्याला शिकवलेले. त्याचा पगार 13 लाख होता.

दिवाळीला मुलगा घरी आला तेव्हा हा काटा मनात घेऊनच आला. महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदिया, तेथून पुढे सालेकसा. दुकानात नव्या धानाची आवक सुरू होती, वहीपूजनाची तयारी चालली होती. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या होत्या, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच होता: सध्याचा पगार किती? तो आकडा सांगितला की त्यावर तीस टक्के चढवायचे आणि नवा पगार ठरला असे समजायचे. म्हणजे त्याच्या बाबतीत साडेदहा लाखांच्या आसपास.

बाबूजींना यात काही बोलण्यासारखे असेल असे मुलाला वाटले नव्हते. संगणकाच्या कामातले त्यांना काय कळणार? परंतु ते म्हणाले, "हे तर खरेदीची पावती मागून विक्रीचा भाव ठरवणे झाले. मी माल कितीला घेतला हे गिऱ्हाईकाला कधी सांगतो का?"

आक्षेप वरवरचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत 2018 पासून उमेदवाराला मागील पगार विचारण्यास कायद्याने मनाई आहे. एका नोकरीत कमी मिळालेला पगार पुढच्या प्रत्येक नोकरीत माणसाच्या मागे येतो, आणि स्त्रियांच्या बाबतीत तो विशेष येतो, हे त्यामागचे कारण. युरोपीय संघाने 2023 मध्ये तोच नियम केला आणि सभासद राष्ट्रांना तो अमलात आणण्यासाठी 7 जून 2026 पर्यंत मुदत दिली. आपल्याकडे असा कायदा नाही. बँकेत हा प्रश्नच उद्भवत नाही. बँक-संघटना आणि कर्मचारी-अधिकारी संघटना यांच्यात 8 मार्च 2024 रोजी करार झाला, तो 1 नोव्हेंबर 2022 पासून लागू मानला गेला, आणि कोणत्या श्रेणीत किती वर्षांनी किती मूळ वेतन हा तक्ता शिपायापासून महाव्यवस्थापकापर्यंत सर्वांसमोर उघडा राहिला. तेथे आपली किंमत काढण्याचा त्रास नाही, आणि आपली किंमत वेगळी आहे हे सिद्ध करण्याची संधीही फारशी नाही. माहिती तंत्रज्ञानात तक्ता कंपनीच्या कपाटात असतो आणि भाव प्रत्येकाने एकट्याने बोलायचा असतो.

पुण्यातल्या एका मित्राने सोपा मार्ग सुचवला होता. पगारपत्रकातील आकडे बदलून घ्यायचे. असे करून देणारे लोक मिळतात. बाबूजींनी ते ऐकताच एकच शब्द उच्चारला: कूटलेखक्रिया. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटे लेख करणे हा एक आहे, आणि वह्या लिहिणाऱ्या घरात तो लहानपणापासून ऐकलेला असतो. व्यवहाराच्या बाजूनेही तो मार्ग मूर्खपणाचा आहे. फॉर्म 16, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आणि बँकेतील जमा हे तीन कागद परस्परांशी ताडून पाहिले जातात, आणि खोटेपणा रुजू झाल्यानंतर उघड झाला तरी नोकरी जाते.

मग मार्ग कोणता? पगार विचारला तर खरा सांगायचा, पण त्याला आपला भाव म्हणायचे नाही. भाव वेगळा काढायचा आणि तो कशावरून काढला हेही सांगायचे. त्याच अध्यायात अचौर्य-व्रताच्या अतिचारांत खोटे वजन-माप येते, हीनाधिकमानोन्मान. तो दोष दुसऱ्याला फसवण्याचा आहे. स्वतःला कमी मोजणे हा त्याचा अर्थ ओढून-ताणून काढू नये. तरी ज्याला काटा खरा ठेवण्याची सवय आहे, त्याने स्वतःला तोलताना तो एका बाजूला का झुकू द्यावा?

बाबूजींनी विचारले, "तू काम काय करतोस ते मला कळेल असे सांग." मुलाला बराच वेळ लागला. तो बँकांमधील डिजिटल व्यवहारांचा ताळमेळ घालणाऱ्या प्रणालीवर काम करत होता. एका बँकेतून पैसे निघाले, दुसरीत पोहोचले नाहीत, तर ते कोठे अडकले हे शोधून दोन्हीकडची खाती जुळवणारी ती व्यवस्था. पूर्वी रात्री चार माणसे बसून जे जुळवीत, ते त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे एका माणसाचे काम झाले होते. "म्हणजे रोजमेळ," बाबूजी म्हणाले, आणि मुलाने एका कोऱ्या पानावर सहा वर्षांतील अशी सात कामे लिहून काढली. त्याच्या जुन्या अर्जात यांतले एकही नव्हते. तेथे फक्त संगणकीय भाषांची नावे होती. दुकानदाराने मालाचे वर्णन न करता पोत्यांची यादी लावावी तसे.

बाजारभाव कळण्याची साधने आता पुष्कळ आहेत. अँबिशनबॉक्स आणि ग्लासडोअर यांवर कर्मचारीच आपापले पगार नोंदवतात. परंतु तेथील आकडा तांदळाच्या पोत्यावरील नावासारखा वाचावा. एचएमटी या नावाने कोणकोणता तांदूळ विकला जातो हे गोंदियाच्या व्यापाऱ्याला सांगायला नको. 'सिनिअर इंजिनिअर' हे पद एका कंपनीत तीन वर्षांनी मिळते, दुसरीत आठ वर्षांनी. पद बाजूला ठेवून कामाचे स्वरूप, वर्षे आणि शहर जुळवले, तरच आकडा उपयोगी पडतो. त्याहून खरा भाव दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष मुलाखत देऊन कळतो, मग नोकरी बदलायची असो वा नसो.

एचएमटीचा विषय निघाल्यावर बाबूजींना दादाजी खोब्रागडे आठवले. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे अल्पभूधारक शेतकरी. त्यांनी आपल्या शेतातील वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, पुन्हा पुन्हा पेरून हा वाण तयार केला. नाव पडले लोकप्रिय हातघड्याळावरून. 2005 मध्ये राष्ट्रीय पातळीवर त्यांच्या कामाचा गौरव झाला. वाण अनेक राज्यांत पसरला, व्यापाऱ्यांनी त्यावर कमावले, आणि दादाजींची अखेरची वर्षे 2018 पर्यंत आर्थिक ओढाताणीतच गेली. माल अव्वल होता आणि भाव ठरत होता तेथे तो करणारा हजर नव्हता. हे उदाहरण मुलाच्या पगाराला तंतोतंत लागू होत नाही, पण दुकानात बसलेल्या सर्वांना पटले.

पुढचा प्रश्नही बाबूजींचाच. "तुझी कंपनी गिऱ्हाईकाकडून तुझ्या कामाचे किती घेते?" सेवा-कंपन्या परदेशी ग्राहकाला तासावर बिल लावतात. समजा, तासाला 25 डॉलर. महिन्याचे 160 तास धरले तर 4000 डॉलर, 85 रुपयांच्या दराने 3 लाख 40 हजार. मुलाच्या आईने हा आकडा दोनदा विचारून घेतला. बाबूजी मात्र चिडले नाहीत. कार्यालयाचे भाडे, काम नसताना बसवून ठेवलेल्यांचे पगार, ग्राहक मिळवणारी माणसे, बुडीत बिले, हे सारे त्यातून जाते, हे गोदाम चालवणाऱ्याला कळते. कंपनीच्या नफ्याचा राग धरू नये, पण तो किती आहे याचा अंदाज बोलणी करणाऱ्याला असावा. ग्राहकाला ज्याच्यावाचून अडते, त्याचा भाव कंपनीलाही वाढवता येतो.

दिवाळीनंतर दोन पत्रे आली. पुण्यातील कंपनी 15 लाख देत होती, नागपुरातील 13 लाख. घरात सर्वांनी पुण्याचे पत्र वर ठेवले. बाबूजींनी दोन्हींचा उतारा काढायला सांगितले. एक क्विंटल धान भरडून शासनाला 67 किलो कच्चा तांदूळ द्यावा लागतो, हा हिशेब गिरणीवाल्यांच्या जिभेवर असतो. कंपनी सांगते तो वार्षिक आकडा धानाचा असतो. घरी येतो तो तांदूळ.

पुण्याच्या 15 लाखांत 2 लाख 25 हजार हा बदलता भाग होता, कंपनीचा नफा आणि वरिष्ठांचा शेरा यांवर अवलंबून. मूळ वेतन साडेसात लाख धरून कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा 90,000, उपदानाची तरतूद सुमारे 36,000, विमा 12,000. हे वजा जाता रोख 11 लाख 37 हजार. त्यातून स्वतःच्या निधीचे 90,000 आणि व्यवसाय कराचे 2,500 गेले की महिन्याला हाती 87,000. सत्तर टक्क्यांच्या थोडा खाली उतारा. नागपूरच्या 13 लाखांत बदलता भाग नव्हता. त्याच रीतीने काढले तर महिन्याला 91,500. दोन लाखांनी लहान आकडा हाती साडेचार हजारांनी मोठा निघाला.

अर्थात कोंडाही फुकट जात नाही. निधीचे पैसे स्वतःचेच असतात, आणि बदलता भाग काही वर्षी पूर्ण मिळतो, मात्र तो मिळाला की उत्पन्न नव्या कररचनेतील 12 लाखांची रेषा ओलांडते आणि कर लागू होतो. जुन्या कंपनीतील उपदानही मोजले पाहिजे. पाच वर्षे पूर्ण झाल्याने, शेवटच्या 30,000 मूळ वेतनावर, 26 दिवसांच्या महिन्यातील 15 दिवस गुणिले सहा वर्षे, या हिशेबाने 1 लाख 4 हजार मिळणार होते. पाचवे वर्ष संपण्याआधी घाईने बाहेर पडणारी मुले ही रक्कम सहसा हिशेबात धरतच नाहीत.

नागपूर घराजवळ होते आणि आईचा कल तिकडे होता. मुलाला पुणे हवे होते, कारण तेथे ताळमेळाच्या प्रणालीची रचना करायला मिळणार होती, तर नागपुरात चालू प्रणाली सांभाळायची होती. सहाव्या वर्षी हा फरक महिन्याच्या साडेचार हजारांपेक्षा मोठा आहे असे बाबूजींनाही वाटले. मुलाने पुण्याच्या कंपनीला लिहिले: एकूण आकडा तोच राहू द्या, बदलता भाग एक लाखावर आणा, कारण म्हणून त्या सात कामांपैकी तीन सविस्तर मांडली. चार दिवसांनी होकार आला. त्याने याहून जास्त मागायला हवे होते का, यावर घरात अजून दोन मते आहेत.

या बोलण्यात आजींनी वेगळाच प्रश्न टाकला होता. परिग्रहाचे परिमाण करणाऱ्या घरात इतकी मागणी कशाला? प्रश्न खरा आहे आणि त्याला झटपट उत्तर देणे बरे नाही. व्रत घेणारा किती ठेवायचे याची मर्यादा घालतो. परंतु संकोचाने न मागितलेली रक्कम दान होत नाही. ती कंपनीच्या नफ्यात राहते. मुलाने आजींसमोर वर्षाच्या खर्चाची एक मर्यादा सांगितली आणि तिच्यावरचे कोठे जाईल तेही सांगितले. त्या दोघांमधील बोलणे येथे लिहिण्याचे नाही.

नव्वद दिवसांची सूचना-मुदत सुरू असताना मुलगा पुन्हा एकदा सालेकसाला आला. दुकानातील मुनीमजी चौदा वर्षांपासून काम करतात. ते आले तेव्हा वही लिहीत. 2017 च्या जुलैत जीएसटी लागू झाल्यावर ते स्वतःहून टॅली शिकले, आणि आज दुकानाची सर्व विवरणपत्रे तेच भरतात. त्यांचा पगार दर दिवाळीला पाचशे रुपयांनी वाढत आला आहे. मुलाने विचारले, "बाबूजी, मुनीमजींचा भाव कशावरून ठरवता?" बाबूजी म्हणाले, "गेल्या वर्षीचा अधिक पाचशे." आणि मग गप्प झाले. गोंदियातील राइस मिलमध्ये जीएसटी जाणणाऱ्या हिशेबनिसाला काय देतात, हे ते आता दोन-तीन ठिकाणी विचारत आहेत. आकडा अजून ठरलेला नाही.