पाठीशी घर बांधून अकरा हजार फुटांवर

अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दृश्य हमखास दिसते. पुढे पिकअप ट्रक आणि त्याला मागे जोडलेले चाकांवरचे अख्खे घर! याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, संडास-न्हाणी, पाण्याची टाकी असा सारा संसार असतो. हॉटेलचा खर्च वाचतो आणि घरचे अन्न मिळते, म्हणून साधी नोकरदार कुटुंबेही असा प्रवास करतात. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आपण पाहिलेला आहे. पण ट्रॅक्टर सावकाश जातो. हे घर ताशी नव्वद-शंभर किलोमीटर वेगाने धावते आणि ते ओढणाऱ्या गाडीत आपली लेकरे बसलेली असतात.

माझा भाचा कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी नोकरीस आहे. त्याच्या कुटुंबाबरोबर डेन्व्हर ते डिलनचा तलाव असा प्रवास घडला. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण वाटेत रॉकी पर्वत आडवा. डेन्व्हरच मुळी समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढे. तिथून रस्ता चढत चढत ११,१५८ फुटांवर जातो आणि बोगद्यातून पर्वत ओलांडतो.

भाच्याची गाडी 'हाफ टन' वर्गातली. हे नाव जुने आहे. पूर्वी अशी गाडी पाठीवर अर्धा टन, म्हणजे साडेचारशे किलो माल वाहून नेई. आता ताकद वाढली, नाव तेच राहिले. ट्रेलर भाड्याने देणाऱ्याने सांगितले, "ही गाडी साडेचार हजार किलो ओढते, तुमचा ट्रेलर तर तीन हजारांचाच आहे. खुशाल जा!" ऐकायला हे बरोबर वाटते. पण ओढणे वेगळे आणि पेलणे वेगळे. बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. माल मागे गेला की गाडी उलाळ होते, पुढे आला की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर भार येतो. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर, म्हणजे पुढच्या गाडीच्या पाठीवर यावा लागतो. त्याहून कमी आला तर ट्रेलर मागून शेपटीसारखा डोलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही फरपटत नेतो.

भाचेसुनेने कागद-पेन्सिल घेतली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेले असते. या गाडीचा आकडा होता ७०० किलो. भरलेला ट्रेलर ३,१०० किलोचा. त्याचा तेरा टक्के भार म्हणजे सुमारे ४०० किलो. जोडाचे लोखंडी साहित्य ४५ किलो. उरले २५५. आम्ही चार मोठी आणि दोन मुले मिळून ३२० किलो! म्हणजे एकही पिशवी न ठेवता गाडी भाराबाहेर गेली होती.

ओढण्याची ताकद साडेचार हजारांची असूनही गाडी हरली ती पाठीत. अशाने मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग नीट लागत नाही आणि टायर तापतात. मग ठरले की ताई आणि मी भाचेसुनेच्या लहान मोटारीतून जायचे. पाण्याची टाकी रिकामी ठेवली, कारण दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. ते मुक्कामी भरता येते. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या थोडे पुढे रचले. वाटेत ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर दोन्ही गाड्या उभ्या केल्या. तिथे पुढची चाके, मागची चाके आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी मिळतात. हिशेब जुळला आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला.

जॉर्जटाउन गाव मागे पडल्यावर चढ जाणवू लागतो. हवा विरळ होते तशी साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते. बोगद्यापाशी ती तिसऱ्या हिश्श्याने कमी झालेली असते. म्हणून उजव्या बाजूने, खालच्या गिअरमध्ये, मुकाट्याने चढावे. मागून कोणी भोंगा वाजवला तरी वाजवू द्यावा!

आयझेनहॉवर बोगदा १९७३ साली खुला झाला. शेजारचा जॉन्सन बोगदा १९७९ चा. लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर. याची एक कथा आपल्या भगिनींनी मुद्दाम ऐकावी. या कामावर जॅनेट बोनेमा नावाची तंत्रज्ञ होती. बोगद्यात बाईचे पाऊल पडले तर अपशकुन होतो, अशी खाणकामगारांची समजूत होती. म्हणून तिला बाहेरच कचेरीत बसवले. ती न्यायालयात गेली. ९ नोव्हेंबर १९७२ रोजी ती बोगद्यात उतरली, तेव्हा काही कामगार काम टाकून निघून गेले. बोगदा कोसळला नाही. आज लाखो बायका त्यातून गाड्या हाकत जातात. आमची भाचेसूनही गेली.

खरी परीक्षा पलीकडच्या उतारावर होते. सात टक्क्यांचा लांबलचक उतार! ब्रेकवर पाय ठेवून उतरले तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून उताराआधीच गिअर खाली घ्यावा, वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून कमी करावा आणि पाय काढून घ्यावा. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला खडीच्या चढत्या वाटा केलेल्या आहेत. त्या पाहिल्या की गंमत ओसरते. ट्रेलर डोलू लागला तर जोरात ब्रेक दाबू नये, वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडावा आणि हाताच्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत.

खाली डिलनचे निळे पाणी दिसले. हे धरण १९६३ साली पूर्ण झाले. त्यासाठी जुने डिलन गाव उठवावे लागले. इथले पाणी डोंगराखालच्या ३७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून डेन्व्हरकडे जाते. शहराच्या नळामागे कुणाचे तरी उठलेले गाव असते, हे तिकडेही चुकलेले नाही.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांना असा प्रवास घडण्याचा योग आता वारंवार येतो. तेव्हा सांगणे एवढेच, की विकणाऱ्याच्या तोंडच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. दाराच्या चौकटीवरचा लहान आकडा वाचा आणि स्वतः बेरीज करा. बेरीज जुळली नाही, तर सामान उतरवा किंवा माणसे दुसऱ्या गाडीत बसवा. त्यात कमीपणा नाही. घर घेऊन निघालेल्या माणसाने घरच्यांना सुखरूप परत आणणे, हीच त्या प्रवासाची खरी कमाई.