आडवाटेचा ज्वालामुखी

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड रांगेत ग्लेशियर पीक उभा आहे. उंची ३,२१३ मीटर, कूळ ज्वालामुखीचे. सिॲटल शहर शंभरेक किलोमीटरवर, पण तिथल्या माणसाला क्षितिजावरचा माउंट रेनियर चटकन दाखवता येतो. हा मात्र भोवतीच्या शिखरांच्या दाटीत मिसळून जातो. १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हरच्या जहाजी मोहिमेने बेकर, रेनियर आणि सेंट हेलन्स यांना नावे दिली, हा राहून गेला. इथल्या मूळच्या सॉक-सुइॲटल लोकांना तो पिढ्यान्‌पिढ्या ‘डाकोबेड’ म्हणून ठाऊक होता. रेनियरच्या उत्तरेला आणखी एक लहान डोंगर पूर्वी धुमसत असे, हे १८५० च्या दशकात निसर्गअभ्यासक जॉर्ज गिब्स याला सांगितले तेही मूळ रहिवाशांनीच. छापील नकाशावर यायला मात्र १८९८ उजाडले.

या डोंगराच्या पायथ्याशी गाडी जात नाही. भोवतीचे सव्वादोन लाख हेक्टरांहून अधिक रान १९६४ च्या कायद्याखाली राखीव आहे, आणि त्याच्या कडेपर्यंत येणारे रस्ते नद्यांच्या मर्जीवर टिकतात. ऑक्टोबर २००३ च्या पुरात व्हाइट चक खोऱ्यातला रस्ता वाहून गेला, केनेडीचे गरम पाण्याचे झरे दगडमातीखाली गाडले गेले, आणि सुइॲटल नदीकाठचा रस्ता पुन्हा खुला व्हायला २०१४ साल यावे लागले. त्या झऱ्यांची हळहळ वाटतेच. तरीही या डोंगराचे एकटेपण त्या नद्यांनीच जपले, हे मान्य करावे लागते.

चढाईला वसंत निवडण्यामागे नेमका विचार आहे. एप्रिल-मेमध्ये खालच्या रस्त्यावरचा बर्फ बराच वितळलेला असतो, वरचा अजून पुरुषभर उरलेला. उन्हाळ्यात उन्मळून पडलेली झाडे, काटेरी झुडपे आणि ओढे पावलोपावली आडवे येतात. वसंतात ते सगळे बर्फाखाली निजलेले असतात. जो बर्फ गाडी अडवतो, तोच वर गेल्यावर माणसाला रानातून मोकळी वाट देतो. फक्त त्यावर उभे राहता आले पाहिजे.

ते काम स्नोशू करतात. अंगाचा भार रुंद चौकटीवर पसरतो आणि पाऊल मांडीपर्यंत रुतत नाही. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी ॲश झाडाचे लाकूड वाकवून आणि कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून ते घडवले होते. आजच्या चौकटी बहुधा ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या, तळाला पोलादी दाते. टाच मोकळी राहते आणि चौकट चवड्यापाशी फिरते, त्यामुळे उभ्या चढावर बुटाचे टोक बर्फात रोवता येते. मात्र आडव्या उतारावरून तिरके जाताना हेच जोडे घोट्यांचा जीव काढतात. एलेन्सबर्गच्या जीन प्रेटरने स्नोशू सपाटीवरून पर्वतावर नेण्यासाठी मनापासून खटपट केली. या विषयावरचे त्याचे पुस्तक १९७४ मध्ये निघाले.

प्रचलित वाट नॉर्थ फोर्क सॉक नदीकाठच्या जुन्या, प्रचंड देवदारांखालून निघते. जाऊन-येऊन अंतर साधारण ५५ किलोमीटर, त्यात बंद रस्त्यावरची पायपीट वेगळी. दिवसभरात नदी सोडून वाट अंगावर येते आणि सुमारे १,८०० मीटरवरच्या व्हाइट पास खिंडीत पोहोचते. झाडी तिथे विरळ होते, आणि पहिल्यांदाच डोंगर अंगाखांद्यासकट दिसतो. पुढे व्हाइट चक हिमनदी. १९५८ मध्ये तिचा विस्तार ३.१ चौरस किलोमीटर होता, २००२ पर्यंत ०.९ उरला. वसंतात नवा बर्फ ही झीज झाकून टाकतो, पण त्या पांढऱ्या पटांगणावरून चालताना हे आकडे मनातून जात नाहीत.

माथ्याची चढाई अंधारात सुरू होते. दिवसा वितळणारा आणि रात्री गोठणारा बर्फ वसंतात साबुदाण्यासारखा दाणेदार होतो. पहाटे तो दगडासारखा घट्ट असतो आणि दाते त्यात करकरत रुततात. डिसअपॉइंटमेंट पीकची लांब सोंड चढून वाट कूल हिमनदीवर उतरते. खालच्या भेगा बर्फाने बुजलेल्या असल्या तरी त्या आहेत, म्हणून चमू एका दोरात बांधलेला असतो. शेवटच्या उभ्या टप्प्याआधी स्नोशू काढून ठेवायचे, बुटांवर दातेरी क्रॅम्पॉन चढवायचे, हातात आइस ॲक्स घ्यायची. माथ्यावरून उत्तरेला बेकर, दक्षिणेला रेनियर, आणि मधल्या साऱ्या दऱ्यांमध्ये एकही गाव नजरेत येत नाही. एवढी वणवण करून मिळणारे याहून मोठे दान कोणते असेल?

थांबायला मात्र वेळ नसतो. ऊन चढले की दाणे सुटे होतात आणि ओला बर्फ उतारावरून घसरू लागतो. ओढ्यांवरचे बर्फाचे पूल पहाटे पेलतात तेवढा भार दुपारी पेलत नाहीत. म्हणून जाणते चमू माथ्यावरून थेट खाली न जाता आणखी एक रात्र खिंडीपाशी काढतात, आणि पुन्हा गोठलेल्या बर्फावरून सकाळीच रानात उतरतात.