देहधर्म आणि मौन

आम्ही इंदूरच्या मराठी घरांतल्या बायका. कित्येक पिढ्या माळव्यात काढूनही लग्नातले देवक, रुखवत, मुंडावळ्या यांतले काहीच आम्ही सुटू दिलेले नाही. मुलीची पाठवणी करताना सासरचा कुळाचार तिला बारकाईने समजावतो. तिच्या देहाविषयी मात्र चकार शब्द काढत नाही. 'कळेल आपोआप,' एवढ्यावर तो अध्याय मिटतो. आमच्या आयांनीही तो असाच मिटला होता.

आपोआप आम्हांला एवढेच कळले की दुखते, आणि ते सोसायचे असते.

शरीरशास्त्र निराळे सांगते. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९६६ साली स्त्रीदेहाच्या प्रतिसादाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. कामभावना जागी झाली की योनीभोवतीचा रक्तप्रवाह वाढतो आणि तिच्या भित्तींतून ओलावा दवासारखा पाझरू लागतो. योनीचा आतला भाग लांब व रुंद होतो, गर्भाशय किंचित वर उचलले जाते, नाडी व श्वास जलद होतात. सुखाच्या परमोच्च क्षणी तेथील स्नायू सुमारे ०.८ सेकंदाच्या अंतराने लयीत आकुंचन पावतात आणि मग सारे हळूहळू पूर्ववत होते. हे सुख बहुतेक स्त्रियांना केवळ समागमाने लाभत नाही. त्याचे मुख्य स्थान बाहेरचे भगशिश्न आहे.

या सिद्धतेला वेळ लागतो. घाई, भीती, दिवसभराचा शीण यांनी ती अडते. मग कोरडेपणा येतो आणि वेदना होते. कधी धास्तीने स्नायू आपोआप आवळले जातात. अंगावर पाजणाऱ्या मातेत आणि पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटल्यानेही कोरडेपणा येतो. या साऱ्यांवर उपाय आहेत. पहिल्या रात्री रक्तस्राव झालाच पाहिजे, ही समजूत तर सपशेल खोटी. तिच्यापायी किती निरपराध मुलींवर संशय घेतला गेला असेल!

आमच्यातल्या एकीने पन्नाशीनंतर धीर करून ही व्यथा डॉक्टरांपुढे मांडली. 'आता वय झाले,' म्हणून त्यांनी तिला परत पाठवले. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी साधे मलम लिहून दिले आणि तिचा त्रास ओसरला. ती दोन वर्षे तिला कोण परत देणार?

मराठीत हे सांगणारे कोणी नव्हते असे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. १९३४ साली अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. आमच्या माहेरच्या कपाटांत ते मासिक मात्र कधी दिसले नाही.

भगिनींनो, आता आमच्या नातींची लग्ने ठरू लागली आहेत. केळवणाची पाने उचलली गेली की नातीला जवळ बसवून आम्ही सांगणार आहोत: दुखले तर बोल, नको असेल तर नको म्हण, त्रास राहिला तर डॉक्टरांकडे जा. देह ओलावला म्हणजे मनाची संमती मिळाली असे नव्हे, हेही सांगणार आहोत. आणि नातवाला त्याच पंक्तीत बसवणार आहोत. कारण धीर धरायला त्यालाच शिकायचे आहे.